कायद्याचे शिक्षण आणि नवी साधने

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)





'कायद्याच्या शिक्षणात आधुनिक तंत्रज्ञानाचा उपयोग' असा विषय मला देण्यात आला आहे. असा विषय ऐकला की डोळ्यांसमोर वातानुकूलित वर्ग येतो, भिंतीवर मोठा पडदा येतो. त्या वर्गाबद्दल मला फारसे सांगायचे नाही. मला बोलायचे आहे ते अशा मुलामुलींबद्दल, ज्यांच्या घरातून आजवर कोणी न्यायालयाची पायरी चढले असेल तर ते पक्षकार म्हणून चढले. सकाळी कॉलेज, दुपारी नोकरी आणि रात्री दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास करणारी ही मुले आहेत. नव्या साधनांचा त्यांना काय उपयोग होतो, तेवढेच मी पाहतो.

कायदा हे पुस्तकांचे शास्त्र आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८७० नंतर लँगडेल नावाच्या अधिष्ठात्याने कायदा शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. विद्यार्थ्याने नियम पाठ करण्याऐवजी न्यायालयांचे मूळ निकाल वाचावेत आणि त्यांतून तत्त्व शोधावे, असे त्याचे म्हणणे होते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जशी प्रयोगशाळा, तसे कायद्याच्या विद्यार्थ्याला ग्रंथालय, असे तो मानीत असे. विचार चांगला होता. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे विद्यार्थ्याला ग्रंथालय मिळते. आपल्याकडे ते कोणाला मिळत होते? वकिलाच्या मुलाला वडिलांच्या कार्यालयात ऑल इंडिया रिपोर्टरचे बांधीव खंड हाताशी असत. इतरांना ते कॉलेजच्या काचेच्या कपाटात, कुलपाआड दिसत. 'संदर्भग्रंथ घरी दिले जाणार नाहीत' ही पाटी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मग विद्यार्थी गाईड घेई. त्यात केशवानंद भारती खटला सहा ओळींत संपे आणि त्या सहा ओळींवर परीक्षाही पास होता येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९३६ मध्ये त्या महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणात काय सुधारणा हव्यात यावर लेख लिहिला. म्हणजे हा प्रश्न नवा नाही. त्यांनी स्वतः ग्रंथांसाठी घर बांधले. प्रत्येक विद्यार्थ्याला ते कसे जमावे?

ते कुलूप आता उघडले आहे. कसे उघडले, हा इतिहास विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

न्यायाधीशाने लिहिलेला निकाल ही कोणाची मालमत्ता? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे आहे की, न्यायालयाने मनाई केली नसेल तर निकाल छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. तरीही नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस संगणकाच्या तबकड्यांवर, म्हणजे सीडीवर, निकाल विकणाऱ्या दोन उद्योगांविरुद्ध एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने दावा लावला. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या नावाने तो प्रसिद्ध आहे. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. प्रकाशकाने लिहिलेली हेडनोट, घातलेले परिच्छेद क्रमांक, न्यायाधीशांच्या मतभेदाबद्दलच्या टिपा यांत त्याचे श्रम व बुद्धी आहे, म्हणून तेवढ्यावर त्याचा हक्क. निकालाचा मूळ मजकूर मात्र सर्वांचा. लगोलग २००८ मध्ये अमेरिकेत संगणकशास्त्राचे संशोधन करणाऱ्या सुशांत सिन्हा यांनी 'इंडियन कानून' हे विनामूल्य शोधस्थळ सुरू केले. २ जानेवारी २०२३ रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकृत अहवालांतील सुमारे ३४ हजार निकाल 'ई-एससीआर' या नावाने विनाशुल्क खुले केले. त्याच वर्षी न्यायालयाने प्रत्येक निकालाला स्वतःचा क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्यामुळे निकालाचा हवाला देण्यासाठी आता कोणत्याही प्रकाशकाचा खंड आणि पान सांगावे लागत नाही. वकील मंडळींना ही लहानशी सोय वाटेल, पण ज्याच्याकडे खंडच नाहीत त्याला ती मोठी आहे.

तेव्हा मित्रहो, 'आमच्याकडे पुस्तके नव्हती' हे आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. केशवानंद भारती खटल्याचे उदाहरण घ्या. तेरा न्यायाधीशांसमोर अडुसष्ट दिवस सुनावणी झाली, २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा असा निकाल लागला. एका बाजूने पालखीवाला, दुसऱ्या बाजूने सिरवई, दोघेही मुंबईचे. या निकालाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निकालाबरोबर त्या खटल्यातील लेखी युक्तिवादही आपल्या संकेतस्थळावर ठेवले. पूर्वी आपण फक्त निकाल वाचत होतो, म्हणजे सामना संपल्यावर धावफलक पाहत होतो. आता कोणी काय मांडले, न्यायाधीशांनी त्यातले काय घेतले आणि काय टाकले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. युक्तिवाद कसा बांधावा हे शिकण्याला याहून चांगली पाठशाळा मला माहीत नाही, आणि ती फुकट आहे.

प्रत्यक्ष सुनावणीचेही तसेच. जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील स्वप्निल त्रिपाठी या विद्यार्थ्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. सोमवार-शुक्रवारी प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांना न्यायदालनात प्रवेश मिळत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्या प्रकरणात २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने थेट प्रक्षेपणाचे तत्त्व मान्य केले. प्रत्यक्षात यायला चार वर्षे लागली. २७ सप्टेंबर २०२२ रोजी घटनापीठांच्या सुनावण्या प्रथम थेट दाखवल्या गेल्या, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा खटलाही होता. याच खटल्यात २१ फेब्रुवारी २०२३ पासून वकील व न्यायाधीश बोलतील ते शब्द संगणकाच्या मदतीने टिपून घेण्यास सुरुवात झाली. एका विद्यार्थ्याच्या अर्जातून देशभरच्या विद्यार्थ्यांना न्यायदालनाचे दार उघडले, हे मी माझ्या वर्गात दरवर्षी सांगतो.

इथवर सगळे चांगलेच सांगितले. आता अडचणीकडे वळू.

दार उघडले म्हणजे आत शिरून काय पाहायचे ते कळते असे नाही. ज्याच्या घरी वकिली आहे त्याला जेवताना ऐकूनच कळते की निकालात वस्तुस्थिती कुठे संपते, युक्तिवाद कुठे सुरू होतो, आणि न्यायाधीश वकिलाचे म्हणणे सांगत आहेत की स्वतःचे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला हे कोणी तरी शेजारी बसून दाखवावे लागते. पूर्वी आपल्याला पुस्तकांची वाण होती, आता शेजारी बसणाऱ्याची आहे. महाविद्यालये मात्र पैसे खर्च करतात पडद्यावर. पडद्यावर प्राध्यापक काय दाखवतात? त्याच जुन्या नोट्स, मोठ्या अक्षरांत. गाईडचे पीडीएफ झाले म्हणजे शिक्षण आधुनिक झाले, असे मी मानायला तयार नाही.

मग साधने वापरायची कशी? एक प्रकरण घेऊन दाखवतो. ते जालन्याचे आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात २९६ मतांनी निकाल लागला. पराभूत उमेदवाराने उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली. विजयी उमेदवाराची नामनिर्देशनपत्रे शेवटच्या दिवशी, २७ सप्टेंबर २०१४ रोजी, दुपारी तीनची वेळ उलटल्यावर दाखल झाली, असा त्यांचा आरोप. पुरावा कोणता? निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण. कार्यालयाने चित्रणाच्या तबकड्या दिल्या, परंतु साक्षी पुराव्याच्या कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, निकाल १४ जुलै २०२०. न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र नको. पण नक्कल हजर करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. अधिकारी देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवून घ्या. आणि ज्याने सर्व प्रयत्न केले, तरीही ज्याला ते मिळाले नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करीत नाही. अपील फेटाळले गेले.

हे प्रकरण गाईडमध्ये एका ओळीत येते : '६५-ब प्रमाणपत्र सक्तीचे.' ही ओळ पाठ केलेल्या विद्यार्थ्याला पुढे वकील झाल्यावर पक्षकार येऊन म्हणेल, 'साहेब, माझ्याकडे व्हिडिओ आहे,' तेव्हा काय करावे ते सुचणार नाही. म्हणून वर्गाचे तीन गट करावेत. पहिल्या गटाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे प्रमाणपत्र मागणारा अर्ज लिहावा. दुसऱ्याने नकार मिळाल्यानंतर न्यायालयाकडे करायचा अर्ज लिहावा. तिसऱ्याने त्या अधिकाऱ्याची उलटतपासणी तयार करावी : कॅमेरा कोणाच्या ताब्यात होता, तबकडी कोणी बनवली, त्या दिवशी घड्याळ बरोबर होते काय. सगळ्यांनी निकाल आपल्या मोबाइलवर आधी वाचलेला असावा. तो विनामूल्य आहे. हा तास झाला म्हणजे ती ओळ कोणालाही पाठ करावी लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ६५-ब च्या जागी कलम ६३ आले आणि प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच देण्यात आला. त्याचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात 'हॅश' नावाचा आकडा लिहावा लागतो. हे काय प्रकरण आहे? कोणत्याही फाइलवर संगणकाने ठराविक गणित केले की एक अक्षर-आकड्यांची माळ निघते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती चौसष्ट चिन्हांची असते. तिला फाइलचा अंगठा म्हणा. फाइलमधला एक काना बदलला तरी पूर्ण माळ बदलते. विंडोजच्या संगणकात हे काढण्याची सोय आधीपासून असते, 'सर्टयुटिल' या आज्ञेने ते होते. काही विकत घ्यावे लागत नाही. विद्यार्थ्यांना एक चिठ्ठी टाइप करायला लावा, तिचा हॅश काढा, एक स्वल्पविराम पुसा आणि पुन्हा काढा. नंतर मोबाइलवर घेतलेले चित्रण नेहमीप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपने मित्राला पाठवा आणि दोन्ही फाइलींचा हॅश ताडून पाहा. पाठवताना चित्रण दाबून लहान केले जाते, म्हणून माळ जुळत नाही. पाच मिनिटांचा प्रयोग आहे.

आता याचा अर्थ लक्षात घ्या. गावात कोणाला मारहाण झाली, कोणाला पाणवठ्यावर अडवले, कोणी मोबाइलवर टिपून घेतले. ते चित्रण शंभर गटांत फिरते. आठ महिन्यांनी खटला उभा राहतो तेव्हा सर्वांकडे नक्कल असते, मूळ मोबाइल मात्र विकलेला किंवा पुसलेला असतो. त्या दिवशी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी त्या गावातील एखादी मुलगी एवढेच म्हणाली, 'हा फोन जपून ठेवा, यातले काही पुसू नका, आज कोणत्या तारखेला कोणी काय टिपले ते लिहून ठेवा,' तरी पुढचा वकील तिचे उपकार मानील. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. या कायद्याखालील गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे चित्रमुद्रण करावे, असे त्याच्या दहाव्या पोटकलमात म्हटले आहे. पीडिताच्या वतीने त्याची मागणी करायची तर कलम माहीत हवे आणि अर्ज लिहिता यायला हवा. तंत्रज्ञान हा आपल्यासाठी शिकवण्याच्या साधनाइतकाच शिकण्याचा विषयही आहे, तो यासाठी.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. प्रश्न टाइप केला की मिनिटात उत्तर, तेही खटल्यांच्या नावांसह. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात, माता विरुद्ध अ‍ॅव्हियांका, वकिलांनी अशा यंत्राकडून मिळालेले निकाल जसेच्या तसे दाखल केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. नावे, क्रमांक, उतारे सगळे यंत्राने रचलेले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. मी विद्यार्थ्यांना यंत्र वापरू नका असे सांगत नाही, सांगून ऐकणारही नाहीत. कठीण इंग्रजी परिच्छेद सोपा करून घेण्यास त्याची मदत होते. पण त्याने सांगितलेला प्रत्येक निकाल अधिकृत स्थळावर उघडावा, तो परिच्छेद स्वतः वाचावा, आणि मगच वहीत उतरवावा. ज्याच्या मागे घराणे नाही, त्या नव्या वकिलाचे एकदा नाव खराब झाले तर सावरायला फार वेळ लागतो.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे वरच्या न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांची मराठी भाषांतरे आता उपलब्ध आहेत. त्यांवर 'अधिकृत मजकूर इंग्रजीच' अशी सूचना असते. काही भाषांतरे यंत्राच्या मदतीने केलेली असल्याने वाचताना अडखळायला होते. माझा अनुभव असा की आधी मराठी वाचून प्रकरण काय आहे ते समजून घ्यावे आणि मग इंग्रजी निकाल उघडावा. भीती निम्म्याने कमी होते. मराठीवरच थांबू मात्र नये. उद्या तुम्हाला तिथेच उभे राहून बोलायचे आहे.

आणखी एक साधन फार थोड्यांना ठाऊक आहे. ई-कोर्टच्या स्थळावर प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकी क्रमांक असतो. आपल्या तालुका न्यायालयातील एक साधा दिवाणी दावा निवडावा आणि वर्षभर त्याच्या तारखा पाहाव्यात. समन्स बजावले नाही, वकील गैरहजर, न्यायाधीशांची बदली. विलंब म्हणजे काय हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्यातून अधिक कळेल. दोन-तीन तारखांना प्रत्यक्ष जाऊन मागच्या बाकावर बसावे. अशिलाचा चेहरा पडद्यावर दिसत नाही. मात्र स्त्रिया व मुलांवरील अत्याचाराच्या प्रकरणांतील कोणतीही ओळख पटणारी माहिती गटांत फिरवू नये, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

शेवटी आपल्या संस्थेबद्दल. मोबाइलच्या चार इंची पडद्यावर दोनशे पानांचा निकाल वाचणे ही शिक्षा आहे. डोळे दुखतात आणि मधेच फोन वाजतो. आपल्याकडे अभ्यासिका आहे. तिथे तीन-चार जुने पण चालू संगणक, इंटरनेटची जोडणी आणि एक साधा छपाई यंत्र असावा. कागदाचा खर्च संस्थेने उचलावा, कारण कायदा पेन्सिल हातात धरून वाचायचा असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या समाजात आज प्रॅक्टिस करणारे वकील आहेत, निवृत्त न्यायालयीन कर्मचारी आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार दोन तास विद्यार्थ्यांच्या शेजारी बसावे. भाषण नको, सत्कार नको, हार तर नकोच. एक निकाल, त्याच्या पाच-सहा प्रती, आणि प्रश्न.

पहिल्या रविवारी जालन्याचे प्रकरण घेण्याची जबाबदारी मी स्वीकारतो. निकालाची एक छापील प्रत आज कार्यालयात देऊन ठेवली आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आधी वाचून यावे, ज्यांना नाही त्यांनी तसेच यावे. रविवारी सकाळी नऊला अभ्यासिका उघडावी लागेल, तेव्हा किल्ली कोणाकडे राहील तेवढे अध्यक्ष महोदयांनी आजच ठरवावे, ही विनंती.